दादाच्या पानावरची क्वार्टर

...आणि वर मलाच विचारतो, "काका, या वयात?" या वयात म्हणजे काय? काय केलं मी या वयात? हातात एक क्वार्टर होती. बंद. सील न तोडलेली. प्यायला नाय हो, ठेवायला! पण ऐकतोय कोण? सगळ्या गेटानं बघितलं, दूधवाल्यानं बघितलं, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक बाई तर चष्मा लावून बघत होती... थांबा. असं नाय कळायचं तुम्हाला. पहिल्यापासून सांगतो. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्या, मधे नको.

मी दामाजी. ठाकुर्लीचा, खाडीकडल्या गावातला. बाप मिठागरात राबला, मी शेत केलं, मग शेतात बिल्डिंगा उगवल्या. शाळा फार नाय शिकलो, पण सही करतो, अंगठा नाय देत. आणि दारू? जन्मात शिवलो नाय. आमच्यात हळदीला काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, मी काय सांगू! बँजो वाजतोय, म्हातारी माणसं नाचतायत, आणि मी मांडवात पाऊल टाकलं की सगळे ग्लास चटईखाली. "दामाजी आला रे!" पोलीस आल्यासारखं. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, छाती फुगायची.

माझा थोरला भाऊ सहदेवदादा मात्र घ्यायचा. रोज नाय, पण घ्यायचा. सणाला, लग्नाला, मासळी चांगली मिळाली तर मासळीला. त्यानं कधी भांडण केलं नाय, कधी कुठं पडला नाय, पण मी त्याच्या बाजूला बसलो नाय तो नाय. तो ओटीवर बसला की मी उठून मागच्या दारी. माघ महिन्यात दादा आजारी पडला. जायच्या आधी मला जवळ बोलावलं नि म्हणाला, "दामा, जलमभर माझ्याबरोबर बसला नाय तू. आता पान लावशील तवा माझी क्वार्टर तू तुझ्या हातान आन. पोराला धाडू नको. तू आन." एवढं बोलला नि भिंतीकडं तोंड केलं.

आता पान म्हणजे कळलं ना? सर्वपित्रीला आमच्या घरात पितरांना पान लावतात. वडे, खीर, तांदळाची भाकरी, आणि गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते. तंबाखू खाणारा असेल तर तंबाखू. विडीवाल्याला विडी. दादाला क्वार्टर. रीतच आहे ती. प्यायला नाय हो, ठेवायला!

सोपं होतं. गावात असतो तर सोपं होतं. पण आमचं घर गेलं बिल्डरकडं, नवीन होईपर्यंत जयेशनं, म्हणजे माझ्या पोरानं, कल्याणला भाड्यानं फ्लॅट घेतला. मी, जयेश, सून दक्षता आणि दादाच्या मागं राहिलेली हौसावैनी. मोठा कॉम्प्लेक्स. गेटावर मंदिर, मंदिरावर भोंगा, लिफ्टमध्ये पाटी, 'मांस-मद्य सक्त मनाई'. पहिल्या दिवशी पाटी वाचली आणि म्हटलं, वा! माझ्यासाठीच बांधलंय हे. सेक्रेटरी श्रीपादराव, त्यांना सांगितलं, "बरं केलंत." ते म्हणाले, "काका, तुमच्यासारखे लोक हवेत आम्हाला." मी खूश. आणि त्या वॉर्डात एक दारूचं दुकान होतं, ते बायकांनी मत देऊन बंद पाडलेलं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद कर. आडवी बाटली निवडून आली! मी त्या बायकांना रस्त्यात थांबवून हात जोडलेले. मी! स्वतः!

मग पितृपक्ष आला. आणि सर्वपित्री नेमकी कधी? दोन ऑक्टोबरला! गांधीजयंती. सगळ्या राज्यात दारू बंद. म्हणजे आदल्या दिवशीच आणायला पाहिजे. म्हटलं आणू, त्यात काय. जयेश म्हणाला, "बाबा, मी आणतो ना." पटकन म्हणाला. जरा जास्तच पटकन. मी म्हटलं, "तू नाय. दादानं माझं नाव घेतलंय."

सकाळी धुतलेला लेंगा, टोपी, निघालो. आता दुकान कुठं? वॉर्डात नाय, आडवं झालं. विचारायचं कुणाला? मंदिरातल्या माणसाला विचारू? रिक्षात बसलो, हळू आवाजात म्हटलं, "दारूचं दुकान असेल तिकडं घे." तर तो रिक्षावाला मागं वळून केवढ्यानं, "वाइन शॉप क्या, बाबा? सुबह सुबह?" अरे हळू बोल! सिग्नलला उभी होती रिक्षा! बाजूच्या स्कूटरवरची बाई माझ्याकडं बघून मान हलवते. मी म्हटलं, "बाई, प्यायला नाय हो, ठेवायला!" ती म्हणाली, "सगळे असंच म्हणतात आजोबा." सगळे असं म्हणतात? कोण म्हणतं असं? मला दाखवा एक माणूस!

दुकानासमोर ही लाइन. उद्या बंद ना, म्हणून सगळं कल्याण आज उभं. लाइनीत कोण कोण, सांगितलं तर तुम्हाला खरं नाय वाटायचं. बँकेतला साहेब, टाय लावून. आमच्याच गावचा गोविंदा, ज्याला मी त्याच्या भावाच्या हळदीत शिव्या दिलेल्या, तो माझ्याकडं बघतो, मी त्याच्याकडं बघतो. "दामाजीकाका... तुम्ही?" म्हटलं, "ठेवायला." तर तो म्हणतो कसा, "हां काका, आमची पण ठेवायलाच." आणि हसला. खी खी खी. मेल्या, तुझा बाप माझ्यापुढं मान वर करत नव्हता!

जाळीपाशी नंबर आला. आत तो दुकानदार कमलेश. "बोला काका, कोणती?" कोणती म्हणजे? दारू! "दारू कळली, ब्रँड कोणता?" आता मला काय ठाऊक? दादा प्यायला की मी मागच्या दारी! लाल झाकण होतं का काळं होतं, बाटली चपटी होती का गोल, मी कधी वळून बघितलंच नाय. मागं लाइन ओरडते, "ओ आजोबा, लवकर!" वैनीला फोन लावला. वैनीला कमी ऐकू येतं. मी म्हटलं, "वैनी, दादा कोणती प्यायचा?" "काय?" "कोणती प्यायचा?" "कोण जेवायचा?" शेवटी ओरडलो हो मी. दारूच्या दुकानासमोर, टोपी घालून, जिवाच्या आकांतानं, "दादा कोणती दारू प्यायचा!" लाइन गप्प. नाव सांगितलं तिनं. कमलेशलाही ऐकू गेलं ते, त्यानं न विचारता बाटली काढली.

मी म्हटलं, "परवाना दे." तो म्हणाला, "कसला?" म्हटलं, "दारू न्यायला सरकारचा परवाना लागतो. मी चोर नाय." कमलेश म्हणाला, "काका, इथं बसल्यापासून पहिलं गिऱ्हाईक बघतोय परवाना मागणारं." शोधून शोधून एक पुस्तक काढलं, धूळ झटकली, फाडून दिला. वाचला. एक दिवसाचा परवाना, मद्य पिण्यासाठी. म्हटलं, हे चुकलंय. पिण्यासाठी नको, ठेवण्यासाठी दे. "तसला नसतो काका." नसतो म्हणजे? माणसं मरत नाहीत का या राज्यात? मेलेल्यांना कुणी काय ठेवत नाय? मागून एक जण म्हणाला, "सरकारला पितर नाहीत, आजोबा." कोण म्हणाला ते बघायला वळलो, तर सगळेच खाली बघतायत.

मग त्यानं काढली काळी पिशवी. म्हटलं, "ती नको." "काका, सगळे काळ्या पिशवीतच नेतात." नेऊ देत. काळी पिशवी म्हणजे काय? मी काय पाप करतोय? भावाचं नेतोय. परवाना आहे खिशात. तशीच हातात धरली नि निघालो. छाती काढून. आणि तीच माझी चूक, तुम्हाला सांगतो. काळ्या पिशवीत नेली असती तर कुणी डोळा वर केला नसता. त्या कॉम्प्लेक्सात रोज संध्याकाळी एवढ्या काळ्या पिशव्या वर जातात, मी काय आंधळा आहे? पण पिशवी काळी असली की आत काय आहे ते कुणी बघायचं नाय, असा नियम. आणि मी नेली उघडी!

गेटावर श्रीपादराव. "दामाजीकाका! हे काय? या वयात?" म्हटलं, "प्यायला नाय हो, ठेवायला!" "कुठं? फ्रीजमध्ये?" तुम्हाला सांगतो, हात शिवशिवला. पण वयानं मोठा मी, सगळं समजावलं. दादा, पान, रीत. तो माणूस वाईट नाय हो, ऐकत होता. मग म्हणतो, "काका, भावना समजते. पण आज तुम्हाला सोडलं तर उद्या सगळे पितरांचं नाव सांगतील. बाटली आत जाणार नाही." मी म्हटलं, "मग पान कुठं लावू?" तो म्हणाला, "तुमच्या जागेवर लावा ना." आमच्या जागेवर! तिकडं खड्डा आहे! दादा जन्मला त्या घराच्या जागी पाणी भरलेला खड्डा आहे आणि भोवती पत्रे. बाटली वॉचमनच्या केबिनमध्ये राहिली. संध्याकाळपर्यंत कॉम्प्लेक्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझा फोटो. हातात क्वार्टर, डोक्यावर टोपी. खाली लिहिलेलं, 'ज्येष्ठांनी आदर्श ठेवावा.'

दुसऱ्या दिवशी पान तयार केलं. खाली गेलो, वॉचमनकडून बाटली घेतली. ड्राय डे. रस्त्यात पोलीस. आणि मी त्या वॉचमनला म्हटलं... म्हटलं, "एखादी काळी पिशवी आहे का रे?" दिली त्यानं. काय नाय बोलला. त्यानं काय तरी बोलायला पाहिजे होतं.

गावात गेलो. पत्र्याच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, एका बाजूला सिमेंटचा मिक्सर, तिथं वैनीनं जागा पुसली नि पान मांडलं. मी बाटली काढली. उघडेना. कशी उघडतात मला काय माहीत? दातानं बघितलं. जयेशनं घेतली, एका झटक्यात, कट! उघडून दिली. मी त्याच्याकडं बघितलं. मी बघतोय हे त्यानं बघितलं. दक्षता पत्र्यावरची बिल्डरची जाहिरात वाचायला लागली. जाऊ दे.

पानाभोवती धार धरली, बाटली ठेवली, हात जोडले. "दादा, आणली रे. माझ्या हातानं." कावळा पत्र्यावर बसलेला. येईना. अर्धा गाव पान लावून बसलेला, त्याला काय घाई? आम्ही उभे. ऊन चढलं. वैनी म्हणाली, "भावजी, तुमच्या घोटाची वाट बघतय तो. घ्या."

म्हटलं, "कसला घोट?"

"घरातला थोरला घोट घेतो नि मंग पितर जेवतान. तुमचा बापूस घ्यायचा. मंग हे घ्यायचे. तुम्ही मागच्या दारी, तुमाना कसं ठावं?"

मी म्हटलं, "वैनी, प्यायला नाय, ठेवा..." आणि तिथंच थांबलो. थोरला. आता घरात थोरला कोण? मागं बघितलं. मागं कोणच नव्हतं हो. मी.

झाकणात ओतली. झाकणभर. तोंडात टाकली. काय सांगू तुम्हाला, घशापासून बेंबीपर्यंत निखारा! डोळ्यांत पाणी. दारूनंच आलं, दुसरं काय नाय. खाली बसलो, पानाच्या बाजूला, तिथंच मातीत. वैनी म्हणाली, "बसला बघा. बसला एकदाचा." मला म्हणाली का दादाला म्हणाली, मी विचारलं नाय. कावळा उतरला, वडा उचलला नि गेला.

सगळं पार पडलं. मी उठलो. जयेश मात्र डोकं धरून उभा. म्हटलं, तुला काय झालं? तर म्हणतो, "बाबा, मी निश्चिंत होतो हो. तुम्ही जन्मात घेतली नाय, म्हटलं तुमच्या पानाला तरी ही लाइन नको, परवाना नको, सेक्रेटरी नको. आता घेतलीत तुम्ही. आता तुमच्या पानावर पण ठेवावी लागणार!"

वैनी म्हणाली, "ठेवावीच लागंल."

खरंच आहे ते. म्हटलं, "ठेव बाबा. आण लाइनीत उभा राहून. आणि गेटावर श्रीपादरावानं अडवलं, तर वाद घालू नको. सरळ सांग, ठेवायला नाय... म्हाताऱ्याला प्यायलाच पाहिजे."