आप्पांच्या टेबलावरची मुलं

वहिनी, मंडळाचे अध्यक्ष, आणि आजची पाळी बुडवून इथे आलेल्या माझ्या भावा-बहिणींनो,

मला बोलायला उभं केलंय. मी कुठला बोलणारा? मी छपाईवाला निंबा. आमच्या कामात हात चालतो आणि तोंड बंद असतं. सकाळपासून मनाशी चार वाक्यं जुळवली होती, ती या फोटोवरच्या हाराकडे बघितलं आणि पळाली. आप्पा असते तर म्हणाले असते, "निंबा, लांबड लावू नको, पटकन सांग आणि बस." आप्पा, आज मात्र जरा लांबड लावतो. तुम्ही काही अडवणार नाही.

यशवंतआप्पा गेले. नवागाममध्ये असं घर नसेल जिथे आप्पांनी एकदा तरी चहा प्यायला नाही, आणि असा माणूस नसेल ज्याची त्यांनी फिरकी घेतली नाही. माझ्या लग्नात नवरीला म्हणाले होते, "बाई, याला रंग कळतो, बाकी काही कळत नाही, सांभाळून घे." ती अजून ऐकवते मला.

जे नवे आहेत त्यांना सांगतो. आप्पा ट्रेसिंग करायचे. साडीवर छापायचं डिझाईन असतं ना, त्यात लाल, पिवळा, निळा, जेवढे रंग तेवढे कागद लागतात. प्रत्येक रंगाचा कागद वेगळा, आणि प्रत्येक कागदावर काळ्याच शाईनं काढायचं. रंग नंतर येतो, आमच्याकडे, छपाईत. आप्पांचं काचेचं टेबल होतं, काचेखाली ट्यूबलाइट. त्या टेबलाभोवती मुलं बसायची. आपलीच मुलं. कुणाची आठ वर्षांची, कुणाची नऊ. आपणच नेऊन बसवली होती ती. मी खोटं बोलतोय का? पॉवरलूमपेक्षा बरं, म्हणून बसवली. सावलीत आहेत, आप्पांच्या नजरेखाली आहेत, हातात कला येतेय. आप्पा रागावायचे, पण हात उचलला नाही कधी कुणावर. मुलांना खारी-बिस्किट आणायचे. दिवाळीला कपडे करायचे. मुलं त्यांना मास्तर म्हणायची नाहीत, आप्पाच म्हणायची.

आता जे सांगायचंय ते अवघड आहे. वहिनी, तुम्हाला विचारूनच सांगतोय.

तीनेक वर्षं झाली असतील. शहरातल्या एका संस्थेनं पोस्टरची स्पर्धा ठेवली होती, अठराच्या आतल्या मुलामुलींसाठी. विषय होता, बालकांचे हक्क. पहिल्या येणाऱ्याला चित्रकलेच्या वर्गात फुकट शिकायला मिळणार होतं. आप्पा ते कळल्यापासून नुसते उड्या मारत होते. "निंबा, आपली कविता! तिच्या हाताला तोड नाही रे. एकदा त्या वर्गात गेली ना, पोरगी कुठल्या कुठे जाईल."

कविता, तू मागे बसली आहेस ना? खाली बघू नकोस बाळ. तुला कुणी बोल लावत नाही.

मी त्या दिवशी आप्पांकडे गेलो होतो, ट्रेसिंगचे कागद न्यायला. आप्पांनी कविता, सुनील आणि भटू या तिघांना समोर बसवलं होतं. विचारत होते, सांगा, तुमचा हक्क काय? भटू म्हणाला, सुट्टी. सुनील भटूकडे बघायला लागला. आणि कविता म्हणाली, "आप्पा, दुपारी झोपायला मिळालं पाहिजे."

आप्पा पोट धरून हसले. "झोप? असा कुठे हक्क असतो का गं?" मीही हसलो. पण ती म्हणाली, जेवण झालं की डोळे मिटतात आणि खालून ट्यूबलाइट डोळ्यांत जाते, म्हणून. मग आप्पा म्हणाले, "बरं, काढ. झोपच काढ."

तिनं चित्र काढलं. साड्यांच्या ढिगावर एक मुलगी झोपली आहे. हात असा गालाखाली. बस. पण काढलं कसं? त्यांना एकच रीत ठाऊक! कवितानं लाल रंगाचा कागद केला, सुनीलनं पिवळ्याचा, भटूनं निळ्याचा. तिन्ही कागद काळे. स्पर्धेला पोस्टर रंगवून द्यायचं असतं, एकेकानं आपलं वेगळं काढायचं असतं, हे ना मुलांना सुचलं ना आप्पांना. सगळा जन्म काळ्या शाईत गेला त्यांचा, ब्रश रंगात बुडवतात हे ते विसरलेच होते. मग धावत माझ्याकडे आले. मी जेवणाच्या सुट्टीत त्या कागदांवरून छपाईच्या जाळीच्या फ्रेम केल्या आणि पांढऱ्या कापडावर छापून दिलं.

कविता तिथे उभी होती. मी लाल ओढला, पिवळा ओढला, निळा ओढला, फ्रेम उचलली. पोरगी बघतच राहिली. म्हणाली, "काका, हे आम्ही काढलं?" इतकी वर्षं ती साड्यांची डिझाईनं काढत होती, आणि पुरं चित्र तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मंडळी, मला तेव्हा फार आनंद झाला होता. आता त्या आनंदाची लाज वाटते.

स्पर्धेच्या हॉलमध्ये आम्ही गेलो. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, मुलांचे भांग स्वतः पाडले होते. बाकीची पोस्टरं कागदाची, आपलं कापडाचं. नियमात बसत नव्हतं, तरी त्या लोकांनी आदरानं भिंतीला लावलं. वाईट माणसं नव्हती ती, हे मला सांगायलाच हवं. संस्थेच्या एक गुजराती बेन आल्या, चित्रापुढे थांबल्या. बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, काय सुंदर आहे, हात किती तयार आहे मुलांचा.

झालं! आप्पांची छाती फुगली. आणि आप्पा सांगायला लागले. माझ्याच टेबलावर तयार झालीत, बेन. एवढीशी होती तेव्हापासून बसतात. सकाळी आली की दिवे लागेपर्यंत मान वर करत नाहीत. ही कविता, आठ वर्षांची होती. बघा तिची रेघ, थरथरते का?

बेन म्हणाल्या, "निशाळे नथी जतां?" शाळेत जात नाहीत?

आप्पा म्हणाले, "शाळेत एवढी कला कोण शिकवणार, बेन?"

मी आप्पांच्या सदऱ्याचं टोक ओढत होतो. त्यांना कळत नव्हतं. त्या बाईंचा आवाज चढला नाही. उलट खाली आला. त्या म्हणाल्या, "काका, आ चित्र तो तमारा पर ज छे."

काका, हे चित्र तर तुमच्यावरच आहे.

आप्पांनी भिंतीकडे बघितलं. मग मुलांकडे बघितलं. कविता रडायला लागली. ती म्हणत होती, "नाही आप्पा, मी तुमच्यावर नाही काढलं, खरंच नाही काढलं." आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निकालाला न थांबता आम्ही बसनं परत आलो. फिरक्या घेणारा माणूस! त्या दिवसापासून त्यांनी कुणाची फिरकी घेतली नाही. तुम्हाला वाटलं वय झालं. वय नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिघांना टेबलावरून उठवलं. स्वतः शाळेत घेऊन गेले. कविता, पंधरा वर्षांची, बसवणार कुठल्या वर्गात? तिला चौथीत बसवलं, चिल्ल्यापिल्ल्यांच्या मागे. दहा-बारा दिवस गेली ती, मग गेली नाही. सुनीलच्या वडिलांनी त्याला लूमवर नेलं. भटू कतारगामला हिरे घासायच्या घंटीवर बसला, त्याला आज सुट्टी मिळाली नाही. आणि कविता घरी साड्यांना टिकल्या चिकटवते, चाळीतल्या अंधारात, खिडकीही नाही. मी त्यांच्या आईबापांना काय म्हणू? माझंच घर कसं चालतं ते मला माहीत आहे.

आप्पा सुनीलच्या दारात जायचे. आत जायचे नाहीत. त्याला परत टेबलावर बोलावू का, असं मला विचारायचे. मग स्वतःच म्हणायचे, कोणत्या तोंडानं बोलावू? ठेवलं तरी पाप, काढलं तरी पाप. एकदा माझ्या ओट्यावर बसून मला म्हणाले, "निंबा, मनं काय चुकनं रे?" माझं काय चुकलं? मी म्हटलं, आप्पा, चहा घ्या. दवाखान्यातही त्यांनी तेच विचारलं. तेव्हा चहासुद्धा देता येत नव्हता.

त्यांना कुणी वाईट म्हणत असेल तर माझ्यासमोर म्हणू नये. आणि कुणी देवमाणूस म्हणत असेल तर तेही नको. ते आपल्यासारखेच होते. त्यांना एक गोष्ट दिसली आणि ती दिसल्यावर काय करायचं ते कुणीच त्यांना सांगितलं नाही. बेननीही नाही. मीही नाही.

आता शेवटचं सांगतो आणि बसतो.

आप्पांच्या माघारी वहिनींनी ते टेबल मला दिलंय. त्यांच्या घरात ते बघवत नाही त्यांना. काल संध्याकाळी हातगाडीवरून माझ्याकडे आलं. टेबलामागोमाग कविताची आई, सुमनबाई आली. तिच्याबरोबर धाकटी. अकरा वर्षांची आहे. सुमनबाई म्हणाली, "निंबाभाऊ, हिला तुमच्या टेबलावर बसवून घ्या. मोठीचं तर झालं ते झालं. ही लूमवर जायला नको." मी म्हटलं, सुमनबाई, शाळा? ती म्हणाली, "शाळेतून काढली नं भाऊ. मी कामावर, घरात हिच्या बापाचं आजारपण. तुम्ही नाही म्हटलं तर सोमवारी लूमवर सुताच्या कांड्या भरायला जाईल."

सुमनबाई रागावू नका, मी चारचौघांत बोलतोय. मला बोललंच पाहिजे. हो म्हणू? मग मी आप्पा झालो. नाही म्हणू? मग सोमवारी पोरगी लूमवर. मी रात्रभर विचार केला. मला सुचत नाही. आप्पांना विचारलं असतं, पण त्यांनाही सुचलं नव्हतं. म्हणून तुम्हाला विचारतो. अध्यक्ष, तुम्हाला विचारतो. भावांनो, काय उत्तर देऊ?

अध्यक्ष घड्याळ बघतायत.

बरं. आपण उभे राहू. यशवंतआप्पांसाठी दोन मिनिटं शांत राहू. आणि ती संपली की लगेच घरी जाऊ नका. ज्याला काही सुचेल त्यानं मला गाठावं, मी दारातच उभा राहतो. सोमवार परवा आहे.

उठा, मंडळी. धाकटे, तूही ऊठ.