पडद्यावरची दुर्गा

मंडळी, मला एक सांगा. खोटं विकणारा मोठा पापी, का खोटं मागणारा? सावकाश सांगा. पंगत अजून मांडलेली नाही, विठोबासमोरून उठून जाल कुठं?

तर ऐका. तालुक्याला समाजाचा वधू-वर मेळावा भरला होता. कार्यालय गच्च. पूर्वी पोहे खात मुलगी बघायचे, आता पडद्यावर बघतात. पोरीचा फोटो भिंतीएवढा. खाली शिक्षण, नोकरी, उंची — आणि रंग! अहो, म्हैस घेतानासुद्धा आपण आधी दूध विचारतो.

तिथं तुळशीराम वाकळे आले होते. लेक दुर्गा गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. अडलेली गाय मोकळी करणारी पोर, पण रंगानं सावळी. दोन ठिकाणांहून नकार आलेला. आज जमवूनच जायचं, असं तुळशीरामांनी मनाशी ठरवलं होतं. दुर्गा बायकांत बसली. हे गेले सरळ प्रोजेक्टरवाल्या नंदूकडं.

"नंदूभाऊ, आमची पोर आली की जरा उजेड वाढवा की."

"काका, ब्राइटनेस वाढवला की सगळंच पांढरं पडतं."

"पडू द्या. पोर उजळली म्हणजे झालं."

दुर्गाचा फोटो पडद्यावर आला, नंदूनं रिमोट दाबला. दुर्गा गव्हाळ झाली. "अजून." गोरी झाली. "अजून थोडं." नाक गेलं! साडीचे काठ गेले, उरले दोन डोळे आणि टिकली. तुळशीराम म्हणतात, "आता कशी लक्ष्मी दिसते." लक्ष्मी कसली? पिठाच्या डब्यात पडलेली पोर ती.

बाकीचे बाप गप्प बसतात होय? "आमचीपण तशीच ठेवा." मुलांचे फोटो आले की मात्र नंदू सेटिंग पूर्वीसारखं करायचा. का, तर म्हणे, "त्यांना पगार आहे ना, उजेड कशाला?"

पहिल्या रांगेतून खंडागळेबाई उठल्या. चिरंजीव शेजारीच, तव्याच्या बुडासारखा. "ती वाकळ्यांची पसंत आहे. बोलवा वर."

नंदूनं दुर्गाचा फोटो पुन्हा लावला, दुर्गा स्टेजवर आली. बाईंनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा पडद्याकडं. "ही नव्हे. पडद्यावरची दाखवा."

सगळं कार्यालय खिदळलं. आता बापाची परीक्षा, मंडळी. बाप पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "उन्हात फिरते हो कामाला. लग्न होऊन घरात बसली की उजळेल."

दुर्गा बाईंकडं वळलीच नाही. "आप्पा, यांनी मला आत्ता नाकारलं. तुम्ही मघाशी, त्या मशीनपाशीच नाकारून आला होता."

पायऱ्या उतरली आणि निघून गेली. तुळशीराम उभेच. प्रोजेक्टरच्या झोतात त्यांची सावली पडद्यावर पडली, लेकीच्या पांढऱ्या तोंडावर, काळीकुट्ट. नंदूनं फोटो पालटला, तर मागून लोक काय ओरडले असतील? "ओ काका, बाजूला व्हा, पुढची मुलगी दिसत नाही."

मग, पापी कोण? नंदू? त्याच्या हातात नुसतं बटण. तुळशीराम? आहेच, त्याला माफी नाही. पण 'गोरी हवी' म्हणून मागणारे तुम्ही नसता, तर तो त्या मशीनकडं गेला असता कशाला? माना खाली घालू नका. सुना बघताना काय काय विचारलंत, ते ज्याचं त्याला ठाऊक.

घरी जा आणि सोयरिकीच्या कागदावरचा रंगाचा रकाना खोडा. नाही खोडणार? मग उद्या येताना पावडरचा डबा आणा. आधी हा काळा विठोबा उजळून घेऊ, कीर्तन मागाहून करू.