बापाचं शून्य

बद्रीनाथ : ...मग तुमच्या क्लासच्या सरांनी माझा पेपर समद्या पालकांसमोर वर धरला. म्हणले, पाचोडच्या बद्रीनाथरावांना शून्य. अन् त्यांच्या सत्यमला उणे दहा. मी तुझ्या दहानं पुढं हाय, पोरा.

सत्यम : आप्पा, हळू बोला. अख्खा उस्मानपुरा ऐकतोय. जेईईचं गणित काय असतं ते कळावं म्हणून पालकांना पेपर दिला होता. कॉम्पिटिशन नव्हती ती.

बद्रीनाथ : कळलं की. नाव लिहिलं, तासभर पंख्याखाली बसलो, कोरा पेपर दिला. तू काय केलं?

सत्यम : पंचवीसच्या पंचवीस सोडवले.

बद्रीनाथ : येत किती होते?

सत्यम : चार. त्यातलं एक चुकलं.

बद्रीनाथ : अन् राह्यलेले एकवीस?

सत्यम : अंदाजानं गोळे काळे केले. एकही लागला नाही. सर म्हणले, एवढं चुकायलाही नशीब लागतं.

बद्रीनाथ : थांब. बरोबरला चार, चुकीला एक वजा, कोऱ्याला काय नाय. चारच केले असते, तर बारातून एक गेला, अकरा. आरं, नुसता झोपला असता तरी माझ्या बरोबरीला आला असता.

सत्यम : येत्या रविवारी पुन्हा शून्याखाली गेलो तर बॅचमधून काढणार आहेत. मग तुम्ही मला गावाकडं नेणार का?

बद्रीनाथ : ते मग बघू. येत नव्हतं तिथं हात कशाला घातला?

सत्यम : तुम्ही रोज संध्याकाळी फोन करता.

बद्रीनाथ : करतो. मग?

सत्यम : जेवलास का, याच्याआधी विचारता, आज किती गणितं सोडवली. निम्मी म्हणलं की गप्प होता. सगळी म्हणलं की आईला हाक मारून सांगता, ती शेजारच्या आवडाकाकूंना सांगते. आता कोरा गोळा दिसला की मला तुमचं गप्प बसणं ऐकू येतं.

बद्रीनाथ : बरोबर किती आली, हे मी कधी इचारलंच नाय?

सत्यम : दोन वर्षांत एकदाही नाही.

बद्रीनाथ : व्हय रं. मोसंबी तोडणाऱ्यांनाबी मी तेच इचारतो, किती झाडं झाली. कच्ची किती तोडली, ते बाजारात गेल्यावर कळतं.

(पुढचा रविवार. फोनवर.)

बद्रीनाथ : जेवला का?

सत्यम : जेवलो.

बद्रीनाथ : कोरे किती ठेवले?

सत्यम : एकोणीस. हात लई शिवशिवत होते, आप्पा.

बद्रीनाथ : अन् मार्क?

सत्यम : चौदा. बॅच राहिली.

बद्रीनाथ : म्हंजी मला चौदानं मागं टाकलं.

सत्यम : तुम्ही तर आठवडाभर गावात सांगत होता ना, पोराला हरवलं म्हणून? आता काय सांगणार?

बद्रीनाथ : पोरगं बापाच्या पुढं गेलं, एवढंच. कितीपैकी, ते कुणी इचारीत नाय.