दादाच्या पदकाची सही

शाळेत हजेरी घेत होतो, तेवढ्यात पोस्टमनने सरकारी पाकीट दिलं. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, पासष्टच्या लढाईतलं पदक सेवापुस्तकात लिहायचं राहिलं होतं. सहा वर्षांच्या अर्जांनंतर ते आता लिहिलं होतं. दादाने सहीला समक्ष यावं, असं कळवलं होतं.

दादाचं तेरावं आदल्या दिवशीच झालं होतं.

पाथर्डीहून नगरची सैनिक कचेरी गाठली. कारकून म्हणाला, "गुरुजी, ते सोता का न्हाई आले? वारले असतील तर नोंद खोडावी लागंल. मग वारसाचा नवा अर्ज, शिवाय पराक्रम बघितलेले दोन साक्षीदार."

"बघणारे दोघं तिथंच पडले, साहेब."

"मग अवघड हाय."

मी म्हणालो, "वारले कुठं? पाय दुखतोय त्यांचा."

"व्हय का? मग येऊ द्या सावकाश. लढाई थोडीच सुरू हाय?"

दादा गेल्याचं मी त्या कचेरीला अजून कळवलेलं नाही.