ऑफचा दिवस

दुपारी शिळफाट्याच्या थांब्यावर फराह कर्जतची एसटी येईल म्हणून बसली होती. शेजारी गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेली एक बाई होती. तेवढ्यात त्या बाईचा नवरा हातात डबा घेऊन आला.

"अवो, आज तुमचा ऑफ ना? रातपाळी करून आलात, झोपायचं सोडून इथं कशाला?"

"झोपलो होतो. जाग आली तर दारात तुझी चप्पल नाय."

"भाजी झाकून ठेवलेली, खाल्ली का?"

"एकट्याला जात नाय गं, दीप्ती. इथंच आणली."

"रस्त्यावर जेवायचं?"

"मग कुठं? माझा ऑफ शुक्रवारी, तुझा सोमवारी. तू घरी येतेस तवा मी कामावर. शेवटचं एकत्र कधी जेवलो, सांग."

"चौदा एप्रिलला. दोघांच्या कंपन्या बंद होत्या."

"आता दिवाळी आली."

"उघडा डबा. माझी बस यायला दहा मिनिटं हायत."

फराहने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. तिथे नवऱ्याने डबा उघडला.

"मीठ कमी हाय."

"आज घाईत झालं असंल."

"रोजच कमी असतं."

"मग सांगायचं ना!"

"कधी सांगू?"

दीप्तीने आपल्या हातातला घास त्याला भरवला. कंपनीची बस आली तेव्हा डब्यात अर्धी भाकरी उरली होती.

"ड्रायव्हरभाऊ, यांना साजगावला कंपनीच्या गेटापर्यंत येऊ द्या ना."

"का, यांची पण ड्युटी हाय?"

"नाय. आज यांचा ऑफ हाय."