सवतीच्या नावाचं लुगडं

(विंझर, १९३६. ठकुबाईला जाऊन नऊ दिवस झाले आहेत. मागल्या दारी तिला आत्याबाई म्हणणारी सून रतनबाई. समोर भोरकडच्या आंबाडे गावाहून समाचाराला आलेली, तिला अनोळखी अशी सखूबाई.)

रतनबाई : रडणं ऱ्हाऊ द्या, बाई. आधी सांगा, हे अंगावरचं लुगडं कुठलं?

सखूबाई : आत्याबाईंनी दिलेलं. दर पौषात एक आणायच्या.

रतनबाई : खोटं. पदराला हळदीचं बोट हाय, ते माझं. गेल्या साली सवतीच्या टाकाला दाखवून म्या आत्याबाईंच्या हातात दिलं. जत्रेला जाऊन मांढरदेवीच्या पायाशी ठेवते म्हणाल्या.

सखूबाई : कुणाच्या टाकाला?

रतनबाई : हा काय, गळ्यात. ह्यांची पहिली बायको माहेरी पटकीनं मेली. तिच्या नावाचा चांदीचा टाक. दरसाल तिला लुगडं, मग मला.

सखूबाई : नाव काय तिचं?

रतनबाई : सखू.

सखूबाई : बसते जरा.

रतनबाई : काय झालं?

सखूबाई : आमच्या आंबाड्याला पटकी आलीच न्हाई, बाई. मीच सखू.

रतनबाई : काय बोलताय?

सखूबाई : मूल हुईना, तवा आत्याबाईंनी माहेरी धाडली. म्हणाल्या, सवतीखाली राबण्यापरीस आईजवळ ऱ्हा, अन्नवस्त्राला कमी पडू देणार न्हाई. न्हाई पडू दिलं. पण मारलीय, हे न्हाई सांगितलं.

रतनबाई : माझा बाप म्हणाला हुता, सवतीवर लेक देणार न्हाई.

सखूबाई : मग सवत मारली. सोपं काम.

रतनबाई : हसू नका.

सखूबाई : मग काय करू? वाटभर त्यांच्यासाठी रडत आले, आन् हितं कळतंय, मीच आधी गेलीय.

रतनबाई : माझ्या तिन्ही बाळंतपणांत उशाशी बसल्या. माझी आई गेली तवा म्हणाल्या, मी हाय की. आन् माझ्याच हातनं जित्या माणसाला पाणी सोडवलं! देवीचा भंडारा आणायच्या, पोरांच्या कपाळाला लावायच्या, तो?

सखूबाई : आमच्या देव्हाऱ्यातला. पुडी मीच बांधून द्यायची. डोंगर कोण चढतंय, म्हणायच्या. चार दिस माझ्याकडं, डोसक्याला माझ्या हातचं तेल. तुझं नाव लई घ्यायच्या.

रतनबाई : तुमचं कधी न्हाई घेतलं. ह्यांना ठावं हुतं?

सखूबाई : मला दारात बघितलं आन् गोठ्यात शिरले. अजून भाईर न्हाई आले.

रतनबाई : व्हय. म्हंजे ठावं हुतं.

सखूबाई : उद्या दहाव्याला नदीवर येऊ का मी? का मेलेलीच ऱ्हाऊ? तू म्हणशील तसं.

रतनबाई : हा टाक धरा आधी.

सखूबाई : मी काय करू त्याचं?

रतनबाई : मला तरी काय ठावं? माझ्या गळ्यात नको. उद्या ह्याच लुगड्यात या. कोण म्हणून इचारलं तर मी सांगीन, थोरली.

सखूबाई : गाव काय म्हणंल?

रतनबाई : गावाचं गाव बघंल. दरसाल पितृपाटात, अविधवा नवमीला, तुमच्या नावानं घारगे केले. चुलीपुढं भाजून निघायची मी. आत्याबाई म्हणायच्या, सखूचा जीव घारग्यांवर.

सखूबाई : माझा? मला गोड जातच न्हाई. जीव त्यांचा. माझ्याकडं आल्या की पयल्या दिशी तेच.

रतनबाई : असं हाय व्हय.

सखूबाई : उद्या पिंडाशी ठेवायला हवेत. मी करते. भोपळा हाय का घरात?

रतनबाई : हाय. पण घारगे करायचे न्हाईत.

सखूबाई : अगं, कावळा शिवायचा न्हाई.

रतनबाई : बसू दे तिला वाट बघत.