बेड्यापाशी सुरण फुलला होता

उपटायचा म्हणतेस? ऋतुजा, तो कोयता आधी खाली ठेव. ठेव गो. अशी इथे बस, रातांब्यांची टोपली पुढे ओढ आणि आमसुलांसाठी फोडायला हात चालू दे. वीज काही आता सकाळशिवाय येत नाही. पोरांनो, तुम्हीपण सरका. आणि नाकाला पदर लावून बसलेल्या सगळ्यांनी ऐका.

घाण येतेय, मान्य आहे. मलाही नाक आहे. सुरणाचं फूल संध्याकाळी उमललं की माळ्यावर उंदीर मरून पडल्यासारखा वास सुटतो. तू नर्सरीतून रातराणी आणलीस, तिला जागा हवी, तेही बरोबर. लाव की कुठेही, अंगण मोठं आहे. पण बेड्याजवळचा, अंगणात शिरायच्या फाटकाशी असलेला सुरण या घरात कोणी उपटत नाही. का, ते ऐका.

याच जागेवर धाकू गुरव राहायचा. आपल्या देवीचा गुरव. शिवाय डोंगरापलीकडच्या वाडीतल्या देवळाची दिवाबत्तीही त्याच्याकडेच. सकाळ-संध्याकाळ फुलांत हात, पण त्या माणसानं जन्मात एक फूल हुंगलं नव्हतं. देवाचं फूल आपण हुंगलं की उष्टं झालं, मग ते देवाला चालत नाही. तुम्हाला सांगून सांगून माझं तोंड दुखलं, धाकूला कधी सांगावं लागलं नाही. आणि आणखी एक. कोणी 'देवीला घाला' म्हणून फूल दिलं, तर गुरवानं नाही म्हणायचं नाही, आणि वाटेत ते टाकायचं नाही. हे दोन्ही नेम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

तर धाकूची बायको बाळंतीण होती. आधीची दोन मुलं राहिली नव्हती. एक पाचवीच्या रात्री गेलं, दुसरं सव्वा महिनाही भरू न देता. ही तिसरी, मुलगी. ही तगली होती. दुसऱ्या दिवशी बारसं. धाकूनं नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं, बकुळा. पण घरात कोणी मोठ्यानं हसत नव्हतं. आनंद झाला तरी तो तोंडावर दिसू द्यायचा नाही, असं झालं होतं बिचाऱ्यांचं.

घरात धाकूची म्हातारी आई. बाई खमकी. तिनं बेड्याच्या दोन्ही अंगांना काय लावलं होतं? घाणेरी. रानतुळस. आणि आत शिरायच्या वाटेला अगदी लागून सुरण. गुरवाच्या दारात मोगरा नाही, जाई नाही, सगळा घाण वासाचा कारभार. लोक हसायचे. धाकूला लाज वाटायची. त्यात नेमका सुरण फुलला. जांभळट, जाड, झालरीच्या कडांचा, जमिनीला चिकटून बसलेला, वर माशा घोंगावतायत.

सकाळी निघताना धाकू म्हणाला, "आई, हे उपटून टाक. उद्या बायका यायच्या आहेत."

"मी मेल्यावर उपट," म्हातारी म्हणाली. "बाळंतिणीच्या दाराशी असू दे ते."

धाकू पाय आपटत गेला. तुम्ही जाता ना, तसाच.

पलीकडच्या वाडीत दिवाबत्ती होईपर्यंत अंधार पडला. तिथले लोक म्हणाले, "धाकूदा, गाडीवाटेनं जा. कंदील देतो." पण गाडीवाट पडते लांब, डोंगराला वळसा घालून. पाखाडीनं उतरलं की झटक्यात घर. धाकू म्हणाला, "घरी बाळंतीण आहे रे, बाळ आहे. लवकर पोचायला हवं." चांगला मोठ्यानं म्हणाला, उघड्यावर. असं अंधार पडल्यावर घरातलं सगळं बोलून दाखवू नये, पण बोलला.

पाखाडी तुम्ही पाहिलीय. तळ्याकडून उतरणारी, दगडी पायऱ्यांची. तिच्या मध्यावर ओझं टेकायचा उंच दगड आहे. फार पूर्वी एक अडलेली बाई डोलीतून त्या वाटेनं नेत होते, वैद्याकडे. माणसं दमली, डोली त्या दगडापाशी टेकली. परत उचलली तेव्हा बाई गेली होती, पोटातल्या जिवासकट. तेव्हापासून ती तिथे आहे.

धाकू उतरतोय. हातात रिकामी परडी. दगड जवळ आला तसा वास आला. बकुळीचा. गोड, ओला, ताज्या फुलांचा. आता त्या अख्ख्या डोंगरावर बकुळीचं झाड नाही. धाकूला ते कळलं नाही का? कळलं. पण वास असा, की पाय हलके झाले.

दगडाआडून बाई बोलली. अगदी मऊ आवाज. "गुरवबाबा, चार फुलं आहेत. देवीला घाला."

काय करील तो? गुरव ना. परडी पुढे केली. पदराआडून हात आला आणि परडीत फुलं पडली. धाकू "बरं" म्हणाला आणि चालू लागला.

पायऱ्या उतरतोय, उतरतोय. आणि समोर काय? तोच दगड. "गुरवबाबा, आणखी थोडी आहेत. देवीला घाला." यावेळी आवाज त्याच्या बायकोसारखा. पण नेम तो नेम, परडी पुढे झाली. फुलं पडली. परडीला वजन आलं.

पुन्हा उतरला. पुन्हा तोच दगड. आता दगडाआड कोणी नाही. धाकूनं सुटकेचा निःश्वास टाकला, तर परडीतून बाळ हुंकारलं. दूध पिऊन झोपलेलं बाळ हुंकारतं ना, तसं. धाकू थांबला नाही. थांबून बघायची छातीच नव्हती त्याची. आणि ऐका, तिथून पुढे पाखाडी एकदम सरळ झाली. खडा टोचला नाही की काटा लागला नाही. जणू कोणीतरी त्याला घरी पोचवायला निघालं होतं.

कळलं का तुम्हाला? तिला स्वतःहून घराच्या बेड्याच्या आत येता येत नव्हतं. कोणीतरी उचलून आणायला हवं होतं. आणि देवीचं म्हणून दिलेलं टाकता येत नाही असा एकच माणूस त्या वाटेनं येत-जात होता.

धाकू बेड्यापाशी पोचला. आत ओटीवर दिवा मिणमिणत होता. खोलीतून मुलीचं रडणं आलं, खरं, बारीकसं. ते ऐकलं आणि परडी हातात थरथरली. आणि त्याच वेळी नाकात शिरला सुरण. सगळा बकुळीचा वास कापून, थेट. धाकूला उमासाच आला.

परडीतून आवाज आला, "गुरवबाबा, आधी हे उपटून टाका. उद्या बायका यायच्या आहेत."

सकाळचे त्याचेच शब्द. त्याच्याच आवाजात.

धाकू वाकला होता हो. सुरणाच्या दांड्याला हात घातला होता त्यानं. तसाच राहिला. उपटला तर ती आत येणार. परडी टाकली तर देवीची फुलं टाकली, जन्माचा नेम मोडला. आत त्याची मुलगी रडतेय. पुढे पाऊल नाही, मागे पाऊल नाही.

मग काय केलं त्यानं? दांडा सोडला. गुडघ्यांवर बसला आणि तोंड घातलं त्या फुलात. माशांसकट. छाती भरेपर्यंत तो घाण वास ओढून घेतला. डोळ्यांतून पाणी आलं. नाकात दुसऱ्या कशाला जागा उरली नाही तेव्हा परडी तोंडाशी नेली आणि जन्मात पहिल्यांदा देवीला दिलेली फुलं हुंगली. मुद्दाम. सगळी.

आणि म्हणाला, "बाई, मी हुंगली. उष्टी झाली. आता ही देवीची नाहीत. आता मला टाकता येतात."

फेकली त्यानं परडी, बेड्याबाहेर, लांब. कोणीतरी रडलं. ओरडलं नाही, नुसतं रडलं, आणि रडणं पाखाडीकडे चढत गेलं.

सकाळी म्हातारीनं परडी शोधली. आत वाळका पाला, आणि हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे. म्हातारीनं ते तुकडे पदरात बांधले. मग भर दुपारी धाकूला बरोबर घेऊन गेली, दगडापाशी ते तुकडे ठेवले, चोळी ठेवली, नारळ ठेवला. मला वाईट वाटतं त्या दगडाआडच्या बाईचं. तिला काय हवं होतं, एक मूलच ना. पण आपलं द्यायचं का? नाही.

धाकूला त्या दिवसापासून फुलाचा वास आला नाही, मरेपर्यंत. म्हणायचा, बरं झालं, आता चुकूनही उष्टं व्हायचं नाही. फक्त सुरण फुलला की मान वर करायचा आणि हसायचा.

आणि बारशाला बकुळा नाव बाजूलाच राहिलं. म्हातारीनं सगळ्या बायकांना बाजूला सारलं आणि पाळण्यात तोंड घालून म्हणाली, "केरा." केर. कोणाला हवासा वाटू नये असं नाव. ती मुलगी जगली. अगदी म्हातारी झाली. हसता काय? जन्मभर मला केराआत्ये, केराआत्ये म्हणून हाका मारताय, हे नाव कुठून आलं म्हणून एकानं तरी विचारलंत का कधी?

तर पाखाडीनं अंधारात जायचं नाही. कितीही घाई असो, गाडीवाटेनं यायचं. आणि वाटेत कोणी देवीसाठी फुलं दिली, तर हात मागे घ्यायचे.

ऋतुजा, तुला सातवा लागलाय ना गो? मग तो कोयता आत ने. आणि नाकावरचा पदर काढ. घाण येतेय तोवर झोपा निवांत. ज्या रात्री बेड्याकडून गोड वास येईल, त्या रात्री मला उठवा.